४५ पाउंडाच्या धनुष्यावर ३०० ग्रेनचा बाण? हा सल्ला नवशिक्यांना देऊ नका

आडवाटा
'नेमबाज ४११०३८' यांनी परवा लिहिलं: "पारंपरिक धनुष्यात वेग हाच सगळ्यात मोठा गुण. ४५ पाउंडाच्या रिकर्व्हवर ४५० ग्रेनचे बाण लावणारे जुन्या काळात अडकलेत. ३०० ग्रेनचा कार्बन लावा. बाण सपाट जातो, अंतराचा अंदाज चुकला तरी लागतो. अमेरिकेतले शिकारीही वेगामागेच आहेत." खाली धडाधड अंगठे. म्हणून सविस्तर लिहितोय. नव्यांसाठी: पाउंड म्हणजे दोरी पूर्ण खेचायला लागणारा जोर, ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप, रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य.

४५ पाउंडाच्या बऱ्या रिकर्व्हमधून, ताण (दोरी मागे खेचायचं अंतर) खरोखर २८ इंच असेल तर, ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला ५२ मीटरच्या आसपास जातो, ३०० ग्रेनचा ५९ च्या. आता १८ मीटरवर बसवलेला नेम धरून अंतराचा अंदाज २ मीटरने चुकवा. जड बाण ७.३ सेंटिमीटर खाली लागतो, हलका ५.६. म्हणजे वेगाची सगळी कमाई पावणेदोन सेंटिमीटर. तेवढा फरक बोटं दोरीवरून नीट न सुटल्यानेही पडतो.

दुसरं, ऊर्जा. जड बाण साधारण ३९ ज्यूल घेऊन निघतो, हलका ३४. धनुष्य तेच, ताण तोच. उरलेले पाच ज्यूल लिंब (धनुष्याचे वाकणारे हात), दोरी आणि राइझरमध्ये (मुठीचा मधला भाग) राहतात. हाताला झटका बसतो, आवाज वाढतो आणि कालांतराने लिंबांना चिरा पडतात. धनुष्याच्या दर पाउंडाला बाणाचे ८ ग्रेन, याच्या खाली गेलात तर पारंपरिक धनुष्यांचे बरेच उत्पादक वॉरंटी देत नाहीत. ३०० भागिले ४५ म्हणजे ६.७.

शिकार आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे आणि ते योग्यच आहे. पण दाखला तिथलाच दिलाय, तर तिथलंच बोलू. डॉ. एड अ‍ॅशबींनी आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाणांचा अभ्यास केला. त्यांच्या प्राधान्यक्रमात बाणाची मजबुती पहिली, सरळ उड्डाण दुसरं. हाड फोडण्यासाठी त्यांनी सांगितलेला उंबरठा ६५० ग्रेनचा. आणि हरीण दोरीच्या आवाजाने दचकून खाली दबतं त्याचं काय? आवाज १८ मीटर ०.०५ सेकंदात कापतो. हलका बाण ०.३१ सेकंदात पोचतो, जड ०.३५ मध्ये. दोन्ही वेळा हरणाकडे पाव सेकंद उरतोच. तिथे धनुष्य गप्प असणं जास्त कामाचं, आणि जड बाणाने ते गप्प होतं.

नेमबाज ४११०३८
१८ मीटर आणि २ मीटरची चूक, हे अंतर तुम्ही सोयीचं निवडलंत. थ्रीडीला (जनावरांच्या पुतळ्यांवर मारायची स्पर्धा) आपल्या गटांचा निळा खुंट, म्हणजे मारायला उभं राहायची खूण, ३० मीटरपर्यंत असतो आणि अंतर कुणी सांगत नाही. झाडीत, उतारावर, मधे ओढा असेल तर पाच मीटरची चूक सहज होते. तुमचंच गणित लावा: ३० मीटरवर पाचची चूक, जड बाण ३२ सेंटिमीटर खाली, हलका २५. या सात सेंटिमीटरमध्ये गुणांची रिंग बदलते.

शिवाय जड बाण दोरीवर जास्त वेळ राहतो, त्यामुळे सुटताना हात हलला तर तो जास्त भरकटतो. हे लपवू नका. आणि एवढाच वेग हवा असेल तर बाण न बदलताही मिळतो: डॅक्रॉनची दोरी काढा, कमी ताणली जाणारी फास्ट फ्लाइट लावा. सेकंदाला दोन मीटर वाढतात. पुण्यात निम्मे लोक अजून जाड डॅक्रॉन का वापरतात हे मला कळत नाही.

मृण्मयी पी
दोरीवरचा एकूण वेळ पंधरा ते वीस मिलिसेकंद असतो. ४५० आणि ३०० ग्रेनमधला फरक जेमतेम दोन मिलिसेकंद. तो मुद्दा सोडाच.

पण वेगाची एक बाजू आडवाटा यांनी वगळली. इंडियन राउंडला (आपल्याकडचा स्पर्धाप्रकार) ५० मीटर मारावे लागतात, नेम धरायची साइट नाही, बांबूचं धनुष्य. बाण सेकंदाला ४५ मीटरने सुटला तर तो सुमारे ७ अंश वर धरावा लागतो, ५२ ने सुटला तर सव्वापाच. ५० मीटरवर हा फरक दीड मीटर भरतो. हळू बाणाचं टोक लक्ष्याच्या बोर्डच्या वर आभाळात जातं आणि नेम टेकवायला खूणच उरत नाही. तिथे वेग हवाच, आणि ती गरज अचूकतेसाठीच आहे.

बुरूडआळी
नेमबाज, फास्ट फ्लाइटचा सल्ला देताना कुठल्या धनुष्यावर ते लिहा हो! हे वाचून उद्या कोणीतरी बांबूच्या धनुष्यावर ती दोरी चढवेल. बांबूचा धागा उभा. टोकाच्या खाचेत बारीक, न ताणणारी दोरी बसली की ती पाचरीसारखी रुतते आणि टोक खाचेपासून खाली उभं फाटतं. डॅक्रॉन ताणला जातो, शेवटचा हिसका तोच खातो. हे कळत नसेल तर निम्म्या पुण्याला नावं ठेवू नका.

नेमबाज ४११०३८
ताणण्याचा प्रश्नच नाही, जाडीचा आहे. आठ धाग्यांची दोरी रुतेल. फासात जादा धागे घालून तो १६-१८ धाग्यांचा केला की दाब पसरतो. बाहेर लाकडी धनुष्य करणारे कितीतरी कारागीर असं करतात. घाबरवू नका लोकांना.

बुरूडआळी
लाकडी धनुष्याच्या टोकावर शिंग किंवा कठीण लाकडाचा तुकडा चिकटवलेला असतो. आपल्याकडच्या बांबूच्या धनुष्याला नुसती कोरलेली खाच असते. फरक तिथे आहे. वापरायचीच असेल तर आधी खाचेच्या कडा गोल घासा, १५०-२०० च्या पॉलिशपेपरने. मग खाचेखाली दोनेक सेंटिमीटर सुती दोऱ्याचा घट्ट वेढा आणि वरून पातळ इपॉक्सी. पूर्ण सुकल्याशिवाय ताण देऊ नका, पावसाळ्यात दोन दिवस धरा. पुण्यात जुलैमध्ये बांबू ओल पितो, धनुष्याचा जोर उतरतो. धनुष्य दोरी चढवून ठेवलं तर वाक कायमचा बसतो.

मृण्मयी पी
डॅक्रॉनवाल्यांसाठी: नवी दोरी पहिल्या चाळीस-पन्नास बाणांत लांबते आणि ब्रेस हाइट (दोरी आणि मूठ यांतलं अंतर) उतरते. वाढलेला वेग बघून लोक खूश होतात. पण साडेसात इंचांची सहा झाली की दोरी मनगटावर आपटते आणि बाण जास्त वेळ अडकून राहतो. पीळ देऊन ती परत आणा, ६६ इंची धनुष्याला १५ ते २५ पीळ चालतात. ४५ पाउंडाला १२ ते १४ धागे. सर्व्हिंग (बाण बसतो तिथला दोरीवरचा वेढा) अशी हवी की बाण दोरीला नॉकवर (बाणामागची खाच) लटकवून दोरीला टिचकी मारली की तो सुटून पडेल. न पडला तर घट्ट आहे, आणि कुठल्याही वजनाच्या बाणाचा ग्रुप (बाण एकत्र पडणं) बिघडवतो.

आडवाटा
दोरीवर एवढं झालं, बाणाचं राहिलं. ५० मीटरला वेग लागतो, मान्य. पण तो ३०० ग्रेनने मिळवायचा नाही, कारण खरी अडचण स्पाइनची, म्हणजे बाणाच्या दांड्याच्या कडकपणाची आहे. वजन उतरवायला लोक १२५ ग्रेनचा पॉइंट (पुढचं टोक) काढून ७५ चा लावतात. शाफ्ट (दांडा) तोच राहतो, पण सुटताना कमी वाकतो, म्हणजे कडक वागतो. शेल्फवरून (राइझरवरची बाण टेकायची जागा) मारताना मागचा भाग राइझरला घासतो आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा बाण डावीकडे जातो. मग तो नेम उजवीकडे सरकवतो आणि वर्षभर चुकीची सवय घोटतो.

आधी बेअर शाफ्ट मारा. पिसांचे तीन बाण आणि बिनपिसांचे दोन, पॉइंट तेच, १२ ते १५ मीटरवरून. बिनपिसांचे खाली पडले तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण बसवायची खूण) वर आहे, थोडा थोडा उतरवा. वर पडले तर उलट. उंची जुळल्यावरच डावं-उजवं बघा: डावीकडे म्हणजे कडक, उजवीकडे म्हणजे मऊ. कडक असेल तर पॉइंट २५ ग्रेनने वाढवा किंवा शाफ्ट लांब ठेवा. मऊ असेल तर शाफ्ट पाव-पाव इंच कापा. एक फसवणूक सांभाळा: नॉकिंग पॉइंट फार खाली असेल तर बाणाचा मागचा भाग शेल्फवर आपटून उसळतो आणि शेपूट वर दिसते. तेव्हा आणखी खाली नेलं तर बिघडतच जातं. आधी मुद्दाम वर लावा, मग उतरत या.

आणि ताण मोजा. लिंबवर लिहिलेले ४५ पाउंड २८ इंचावरचे आहेत. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा ताण २६ असतो. इंचाला अडीच पाउंड धरले तर हातात ४० उरतात. पाउंडाला ९ ग्रेन म्हणजे ३६० चा बाण. सगळी गणितं तिथून करा.

नेमबाज ४११०३८
२६ इंचाचा मुद्दा ठीक आहे. त्या हिशेबाने ३०० चा बाण पाउंडाला साडेसात ग्रेनवर येतो, तुम्ही रंगवलंत तितका भयंकर नाही. २८ वाल्यांसाठी ३८० लिहितो, त्याच्या वर जाणार नाही. थ्रीडीला ४५० लावून तीस मीटरचा खुंट मारणं मला अजूनही पटत नाही. फास्ट फ्लाइट फक्त टोकं मजबूत केलेल्या फायबरग्लासच्या धनुष्यांना, एवढी दुरुस्ती मूळ पोस्टमध्ये करतो.

बुरूडआळी
करा. आणि बांबूसाठी डॅक्रॉन, हेही त्यात स्पष्ट लिहा.