अहिल्याबाईंच्या हुकुमांवर ‘श्रीशंकर’ का?

प्रश्न: महेश्वरच्या वाड्यात अहिल्याबाईंची साधी पांढरी गादी पाहिली. हुकूम स्वतःच्या नावाने न काढता त्या ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ काढीत, असे सांगतात. ही निव्वळ भक्ती मानावी, की त्यामागे राजधर्माचा काही विचार होता?

उत्तर १: मला तरी ही दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेल्यावर दौलत हाती आली, तेव्हा ती शंकराची आणि आपण केवळ तिच्या कारभारी, अशी भूमिका बाईंनी घेतली. मग रयतेला नाडून केलेली वसुली म्हणजे देवाच्याच ठेवीवर हात टाकणे ठरते.

उत्तर २: हिशेबाची बाजूही पाहावी. होळकरांची खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) आणि दौलत (राज्याचा महसूल) वेगळी होती, आणि काशी विश्वनाथाचे मंदिर, घाट, धर्मशाळा यांवरील बाईंचा दानधर्म प्रामुख्याने खासगीतून चाले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. म्हणजे फौज सांभाळणाऱ्या तुकोजीरावांशी पैशांवरून त्यांचे खटके का उडत, हेही आता उमगते.