बी.लिब. (ग्रंथालय शास्त्राची पदवी) झालं, आता हायस्कूलमध्ये ग्रंथपाल व्हायला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का?

दारव्हा_वाचक
नमस्कार. बीए झालं, मग मुक्त विद्यापीठातून बी.लिब. केलं, बी.एड. नाही. आमच्या बाजूच्या गावात अनुदानित हायस्कूल आहे, तिथं मराठीच्या मॅडमकडे लायब्ररीचा चार्ज आहे अन् मी दर शनिवारी मदतीला जाऊन राहिली. दोन कपाटं, एकाला खालून वाळवी लागलेली. सगळी पुस्तकं अंगणात उन्हात टाकली, दाखल नोंदवही घेऊन एकेक नंबर जुळवत बसलो, सहावीतली एक पोरगी तिथंच मातीत बसून अख्खं पुस्तक वाचून उठली. मले हेच काम करायचं आहे. पण सप्टेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हापासून जो तो म्हणते टीईटीशिवाय शाळेत नोकरीच नाही. खरं काय?

जुना_ग्रंथपाल
ताई, घाबरू नका. तो निकाल पहिली ते आठवीच्या शिक्षकांचा आहे. ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी बाकी आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी पास व्हायला सांगितलं. आपल्याकडे शाळेचा ग्रंथपाल शिक्षकेतर कर्मचाऱ्यात धरतात, त्याला ग्रंथालय शास्त्राचं शिक्षण लागतं, टीईटी नाही. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिराती पण बघत जा, तिथं ग्रंथपालाला ग्रंथालय शास्त्राची पदवी किंवा पदवीनंतर एक वर्षाचा डिप्लोमा मागतात, हिंदी-इंग्रजीचं कामापुरतं ज्ञान पाहिजे.
खरी अडचण पदाची आहे. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय पाहिजे, पेपर-मासिकं-गोष्टीची पुस्तकं पाहिजे असं लिहिलं आहे, पण ते सांभाळणाऱ्या माणसाचं पद त्यात नाही. हायस्कूलला पूर्णवेळ की अर्धवेळ हे विद्यार्थीसंख्येवर ठरते, म्हणून खेड्यातल्या लहान शाळेत बहुतेक चार्जच असतो.

चार्जवाला_सर
मी बी.एड., टीईटी पास, सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो अन् सहा वर्षांपासून लायब्ररी पण माझ्याकडेच. बी.लिब. केलं तर मी शिक्षक-ग्रंथपाल होईन का? तसं काही लायसन्स असते का?

जुना_ग्रंथपाल
सर, आपल्या राज्यात असं जोड लायसन्स नाही. तुमची नेमणूक शिक्षकाची, ती तशीच राहते. ग्रंथपालाचं पद वेगळं, मान्यता वेगळी. पण बी.लिब. नक्की करा, कामात फार फरक पडते. ड्युई पद्धतीत (विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायची पद्धत) मराठी साहित्य 891.46 खाली लावायचं हे कळलं की पोरं स्वतः पुस्तक काढतात, तुम्हाला विचारत बसत नाहीत.

वऱ्हाडी_भाऊ
ताई माह्यं ऐका. मी एका संस्थेत अडीच वर्ष ग्रंथपाल म्हणून राबलो, ऑर्डर हातात होती, पगार आज सुरू होईन उद्या सुरू होईन असं सांगत राहिले, मग समजलं की संचमान्यतेत (शाळेला सरकारनं मंजूर केलेल्या पदांच्या यादीत) ते पदच नव्हतं! घरी म्हातारी माय रोज विचारे, काय सांगू तिले. म्हणून जॉईन व्हायच्या आधी तीन गोष्टी पाहाच, चालू वर्षाच्या संचमान्यतेत ग्रंथपालाचं पद आहे का, जाहिरात द्यायले शिक्षणाधिकारी माध्यमिकची परवानगी होती का, अन् वैयक्तिक मान्यतेचा (तुमच्या नेमणुकीला शिक्षण विभागाच्या मंजुरीचा) प्रस्ताव कोण कधी पाठवणार. मान्यता नाही तर शालार्थ आयडी (सरकारी ऑनलाइन पगार प्रणालीतला नंबर) नाही, आयडी नाही तर पगार नाही. पैसे मागतले तर तिथूनच वापस या.

दारव्हा_वाचक
भाऊ, वाचून वाईट वाटलं. ग्रंथपाल सर, तुमचे पण आभार. सोमवारी हेडमास्तर सरांना संचमान्यतेची कॉपी दाखवा म्हणते. त्या शाळेत पद नसलं तरी शनिवार सोडत नाही, अजून दुसरं कपाट उन्हात टाकायचं राहिलं आहे.