वेग-वेळ-अंतराची गणितं वाचली की कळतात, सोडवायला बसलं की अडतात. कशी पक्की करू?

जिंतूरकर
नमस्कार मंडळी. परभणीत अभ्यासिकेत बसून पोलीस भरती आणि रेल्वे ग्रुप डी अशी दोन्हीची तयारी करायलोय. बारावी आर्ट्सला केली, त्यामुळं दहावीनंतर गणिताचा संबंधच सुटला. टक्केवारी, नफा-तोटा, सरासरी आता बऱ्यापैकी जमायलंय. वेग-वेळ-अंतर आलं की मात्र हात थांबतो. वहीत 22 सूत्रं लिहून ठेवलीत, रोज सकाळी पाठ म्हणतो आणि पेपरात त्यातलं कोणतं लावायचं तेच कळत नाही. काल या एका गणितावर अर्धा तास गेला:

"एक मुलगा ताशी 4 किमी वेगाने गेल्यास शाळेत 10 मिनिटे उशिरा पोहोचतो, ताशी 5 किमी वेगाने गेल्यास 5 मिनिटे लवकर पोहोचतो. तर घर ते शाळा अंतर किती?"

मी 10 मधून 5 वजा करून 5 मिनिटांचा फरक धरला. उत्तर पावणेदोन किमीच्या आसपास आलं, ते पर्यायांत नव्हतंच. सोयाबीनची काढणी आटोपली, आता तीन महिने पूर्ण वेळ देऊ शकतो. क्लासची फी मात्र झेपणार नाही. सुरुवात कुठून करू, सांगा.

पूर्णेचा रेल्वेवाला
भाऊ, आधी ती 22 सूत्रांची वही बाजूला ठेव. मीही पहिल्या वेळी तशीच वही घेऊन फिरलो आणि थोडक्यात राहिलो. दुसऱ्या वेळी फक्त अंतर = वेग × वेळ एवढंच धरलं आणि एक सवय लावली: गणित वाचलं की पहिला प्रश्न, यात न बदलणारं काय आहे?

तुझंच गणित घे. शाळा जागची हलत नाही, म्हणजे अंतर तेच. अंतर तेच असलं की वेग आणि वेळ व्यस्त प्रमाणात. वेग 4 : 5, म्हणून वेळ 5 : 4. फरक एका भागाचा. आता तो एक भाग किती मिनिटांचा? शाळा भरायची वेळ 11 धर. एकदा पोरगं 11:10 ला पोचलं, एकदा 10:55 ला. मध्ये 15 मिनिटं गेली. उशीर आणि लवकर घंटेच्या दोन बाजूंना असतात, म्हणून बेरीज. दोन्ही वेळा उशीरच असता तर वजाबाकी केली असतीस. तू इथंच चुकलास, बाकी तुझी रीत बरोबर होती.

एक भाग 15 मिनिटं, तर 5 भाग 75 मिनिटं आणि 4 भाग 60 मिनिटं. ताशी 5 किमीनं 60 मिनिटं चालला, अंतर 5 किमी. ताळा: ताशी 4 नं 75 मिनिटं, तेही 5 किमी. कुठलंही सूत्र लागलं नाही.

सेलूची बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शिष्यवृत्तीच्या लेकरांचे जादा तास घेते. वरचं उत्तर अगदी योग्य आहे. त्यात रेल्वेच्या गणितांची भर घालते, कारण मोठी मुलंही तिथं ठरावीक जागी चुकतात.

घरी 15 सेंटीमीटरची पट्टी आणि काडेपेटी असेल. पट्टी म्हणजे फलाट, काडेपेटी म्हणजे गाडी. काडेपेटीचं तोंड पट्टीच्या सुरुवातीला लावा आणि हळूहळू सरकवा. तोंड पट्टीच्या टोकाला पोचलं तेव्हा गाडीनं फलाट ओलांडला का? नाही, अख्खी पेटी अजून पट्टीवरच आहे. मागची कड बाहेर पडेपर्यंत सरकवा. आता तोंड कुठं आहे बघा: पट्टीची लांबी अधिक पेटीची लांबी. माझ्या वर्गातल्या मुलीनं हे दोनदा केलं आणि मग स्वतःच म्हणाली, "बाई, खांबाला तर लांबीच नाही, मग नुसती गाडीचीच धरायची ना?" तिला मी सूत्र सांगितलंच नव्हतं.

म्हणून 240 मीटरची गाडी, 360 मीटरचा फलाट, वेग ताशी 72 किमी, तर जायचं अंतर 600 मीटर. आता एकक. ताशी 18 किमी म्हणजे सेकंदाला 5 मीटर, एवढी एक जोडी लक्षात ठेवा. 36 ला 10, 54 ला 15, 72 ला 20, 90 ला 25. पेपर काढणारे बहुतेक वेळा याच पाढ्यातले आकडे देतात. 600 ला 20 ने भागा, 30 सेकंद. तुमचा पाया दहावीनंतर सुटला असेल तर शाळेच्या पुस्तकातलं सम-व्यस्त प्रमाणाचं प्रकरण दोन दिवस मन लावून करा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात.

औसा रोड
सरासरी वेगाचं मी सांगतो. रिकामा ट्रॅक्टर ताशी 30 नं फडावर गेला, ऊस भरून त्याच रस्त्यानं ताशी 15 नं कारखान्यावर आला. सरासरी 22.5 लिहिणारे निम्मे पोरं असतील. अंतर दिलं नाही तर आपणच धरायचं, दोन्ही वेगांचा लसावि: 30 किमी. जायला 1 तास, यायला 2 तास. 60 किमीला 3 तास, सरासरी 20. हळू चालीत वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी कायम हळू वेगाकडं झुकते.

आणि "नेहमीच्या 3/4 वेगाने गेल्यामुळे 20 मिनिटे उशीर झाला, नेहमीची वेळ किती?" असं लई वेळा येतं. वेग पावानं कमी झाला, वेळ पावानं वाढला. पाव म्हणजे 20, तर पूर्ण 80 मिनिटं.

पूर्णेचा रेल्वेवाला
दादा, ट्रॅक्टरचं एकदम बरोबर, पण दुसऱ्यात गल्लत झाली. वेग 3/4 झाला की वेळ 4/3 होतो, पावानं नाही तर तिसऱ्या हिश्शानं वाढतो. तिसरा हिस्सा 20, म्हणून नेहमीची वेळ 60. तुमचं 80 ही उशीर झालेल्या दिवसाची वेळ आहे, आणि पर्यायांत 80 हमखास दिलेलं असतं. तसंच वेग 25 टक्के वाढला तर वेळ 20 टक्के कमी होतो, 25 नाही. अपूर्णांक उलटा करायचा, टक्का उलटा करायचा नाही.

औसा रोड
खरंय, चूक माझीच. वरचं खोडत नाही, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही दिसतील.

बीड बायपास
ही चर्चा सरावाशिवाय वाया जाईल, म्हणून थोडं पेपरचं बोलतो. पोलीस भरतीत 100 प्रश्नांना 90 मिनिटं, चुकीचे गुण कापत नाहीत. ग्रुप डीलाही 100 प्रश्न, 90 मिनिटंच, पण तिथं प्रत्येक चुकीला एक तृतीयांश गुण जातो. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. पोलीस भरतीचे पेपर जिल्ह्याजिल्ह्यानं वेगळे निघतात, तेव्हा नांदेड, लातूर, परभणी, बीड, धाराशिवचे जुने पेपर जमव आणि त्यातली फक्त या टॉपिकची गणितं एका वहीत उतरव. पहिले आठ दिवस घड्याळ लावू नको. प्रत्येकाची आडवी रेघ काढ, दोन टोकं, बाण, वर वेग. पाठलागाचं गणित तर रेघेशिवाय करूच नको: एसटी नांदेडहून 6 ला ताशी 40 नं निघाली, जीप 7 ला ताशी 60 नं त्याच रस्त्यानं. जीप निघाली तेव्हा एसटी 40 किमी पुढं. दर तासाला 20 किमी तुटतात, 2 तासांत गाठ, 9 वाजता, 120 किमीवर. रेघेवर हे डोळ्यांनी दिसतं.

जिंतूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, काडेपेटीचा प्रयोग अभ्यासिकेतल्या टेबलावर केला, शेजारचे दोघंही वाकून बघायले. चार दिवसांत रेघ काढून 46 गणितं केली, 37 बरोबर आली. एक शंका राहिली. 150 मीटरची गाडी, वेग ताशी 66, समोरून ताशी 6 किमीनं माणूस पळत येतोय. आधी मी माणसाचा वेग धरतच नव्हतो. आता 66 + 6 = 72, सेकंदाला 20 मीटर, साडेसात सेकंद. हे जमलं. पण माणूस गाडीच्याच दिशेनं पळत असला तर 60 उरतात, आणि 60 ला 5/18 नं गुणलं की 16.66 येतं. पुढं भागाकार संपतच नाही.

सेलूची बाई
शाब्बास! दशांशात जाऊच नका. 60 × 5/18 = 50/3, ते तसंच राहू द्या. 150 ला 50/3 ने भागायचं म्हणजे 150 × 3/50. पन्नासानं 150 कापा, 3 × 3, नऊ सेकंद. उरलेली 9 चुकलेली गणितं इथं टाका, रविवारी बसून बघू.