ग्वाटेमालात माया कुटुंबाकडे दोन महिने: पाहुणचार घ्यायचा कसा?

सरोवरकाठ:
मंडळी, जूनपासून दोन महिने आतित्लान सरोवराकाठी सान पेद्रो ला लागुना इथे शाळेत स्वयंसेवक म्हणून जातेय. राहणं-जेवण त्सुतुहिल माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, कुटुंबाकडे, आठवड्याचे पैसे ठरलेत. शाकाहारी आहे, अंडं चालतं. स्पॅनिश जेमतेम. जेवताना काय बोलावं, काय टाळावं?

तिखटमीठ:
'ग्रासियास', म्हणजे धन्यवाद, जपून वापरा. आणखी वाढू का विचारल्यावर नुसतं 'ग्रासियास' म्हटलंत की त्याचा अर्थ 'नको' होतो. हवं असेल तर 'सी, पोर फावोर', म्हणजे 'हो, वाढा'. आपल्यासारखा तीनदा आग्रह होईल या भरवशावर लाजून नाही म्हणू नका, तोर्तियांची, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांची, टोपली पुढे गेलेली असेल.

उठताना मात्र सगळ्यांना उद्देशून 'मुचास ग्रासियास' म्हणायचंच. बाकीचे 'बुएन प्रोवेचो', म्हणजे 'जेवण अंगी लागो', म्हणतात. मुकाट्याने उठणं वाईट दिसतं. मोठ्यांशी 'उस्तेद', म्हणजे आपलं अहो-जाहो. त्सुतुहिल भाषेत आभाराला 'मालत्योश'. एवढा एक शब्द आला तरी आजीबाई खूश.

भाकरतुकडा:
'मी शाकाहारी' एवढ्याने भागत नाही. 'कार्ने', म्हणजे मांस, म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गाय-डुक्कर येतं, कोंबडी त्यात धरत नाहीत. म्हणून यादीच सांगा: 'नी कार्ने, नी पोयो, नी कोन्सोमे, नी मान्तेका'. 'नी' म्हणजे 'नाही', पोयो म्हणजे कोंबडी. कोन्सोमे म्हणजे कोंबडीच्या अर्काची पूड, ती भातात आणि सुपात पडते. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, ती परतलेल्या काळ्या घेवड्यात आणि तामालात, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेल्या मक्याच्या पिठात, असू शकते. हे पहिल्याच दिवशी सांगा. पाहुण्यासाठी मुद्दाम कोंबडी शिजवल्यावर सांगण्यात दोघांचीही पंचाईत.

तोर्तिया तिन्ही वेळा असतात. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम चुना आणि दोन-तीन लिटर पाणी घालून अर्धा-पाऊण तास उकळतात, रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी सालं चोळून धुतात आणि गिरणीतून ओलंच दळून आणतात. चुन्यामुळे साल सुटतं, मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं आणि पीठ चिकट होतं. म्हणून तोर्तिया तळहातांवर थापता येते, भाकरीसारखं खाली कोरडं पीठ लागत नाही. मदतीला बसलात तर हात फक्त ओला करा. पाणी जास्त झालं की तोर्तिया हाताला चिकटते, कमी पडलं की कडा फाटतात. मातीच्या तव्याला, म्हणजे कोमालला, चुन्याचं पाणी फासलेलं असतं. स्वच्छ करायला म्हणून घासू नका!

उंबरठा:
नळाचं आणि सरोवराचं पाणी पिऊ नका. २००९ मध्ये याच सरोवरावर सायनोबॅक्टेरियाचा, म्हणजे शेवाळासारख्या जिवाणूंचा, मोठा थर पसरला होता. घरातला गार्राफोन म्हणजे पाण्याचा मोठा जार, त्यातलंच प्या. संडासातला कागद बादलीत टाकायचा, पाइप अरुंद असतात.

तेमास्काल, म्हणजे वाफेची न्हाणी, हा मोठा मान. दार बुटकं, वाकून आत जायचं. आत निखारे धुमसत असतील तर जाऊ नका, कोंदट जागेत धूर घातक. पहिल्यांदा दहा मिनिटं पुरे. रक्तदाब असेल तर नम्रपणे नाही म्हणा.

पोरांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, त्यांना खाऊ देऊन जवळही बोलावू नका. मुलं पळवणाऱ्या परदेशी लोकांच्या अफवा डोंगराळ भागात जुन्या आहेत. २००० मध्ये तोदोस सान्तोस कुचुमातान या गावात अशाच अफवेतून जमावाने एका जपानी पर्यटकाचा जीव घेतला.

भेट म्हणून साखर, कॉफी नाहीतर गोड पाव न्या, घरच्या बाईंच्या हातात द्या. पोरांना सुटे पैसे नकोत.

सरोवरकाठ:
आभार! एकदा मी स्वयंपाक करून घातला तर?

भाकरतुकडा:
घाला की, पण आदल्या दिवशी विचारून. चूल त्यांच्या तोर्तियांसाठी अडलेली असते आणि सरपण विकतचं असू शकतं. काळ्या घेवड्याची उसळ करा. टोमॅटो, कांदा, कोथिंबीर तिथे मिळेल, जिरं-हळद इथून बंद पाकिटात न्या. तिखट मात्र वेगळ्या वाटीत. त्यांचं जेवण मुळात सौम्य असतं, मिरची बाजूला घेऊन खातात. आणि भात केलात तरी तोर्तिया होणारच, तो तुमच्या उसळीचा अपमान समजू नका.