मदत हवी आहे: ट्रेनर २२५ वॉट दाखवतो, क्रँक २००. खरं कुणाचं धरू?

घाटवाट
एकाच वेळी, एकाच राइडमध्ये स्मार्ट ट्रेनर (घरात सायकल जागेवर चालवायचं यंत्र) २२५ दाखवतोय आणि पॉवर मीटर (सायकलवरच पायांची ताकद मोजणारा) २००. रोज हेच. दोन्हींचं कॅलिब्रेशन केलंय. उद्या एफटीपी (साधारण तासभर टिकवता येतील तेवढे वॉट) टेस्ट आहे आणि पुढचे आठ आठवडे सगळे व्यायाम त्याच आकड्यावर बेतलेले असणार, त्यामुळे खरा आकडा कुठला ते आजच कळायला हवं. शिवाय एर्ग मोडमध्ये (ट्रेनर ठरलेले वॉट स्वतःच धरून ठेवतो) इंटरव्हलच्या शेवटी पाय जाम होतात, पेडल फिरतच नाही. ट्रेनर बिघडलाय का? बदलायचा तर कुठला घेऊ? लवकर सांगा प्लीज.

नटबोल्ट
ट्रेनर कुठल्या प्रकारचा? मागचं चाक काढून साखळी थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (मागच्या दातेरी चकत्यांवर) बसते, की टायर रोलरला टेकतो? पॉवर मीटर कशात आहे: पेडल, डावा क्रँक (पेडल ज्यावर बसतं तो हात), स्पायडर (पुढच्या दातेरी चकत्या धरणारा भाग) की हब? दोन्ही आकडे कुठल्या स्क्रीनवर बघता आणि ते त्या क्षणाचे आहेत की सरासरी? "कॅलिब्रेशन केलंय" म्हणजे नेमकं काय आणि कधी केलं? एवढं कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी तो अंदाजच.

पहाटवारा
वॉटच्या मागे लागूच नका. छातीचा हृदयगती पट्टा लावा आणि त्यावर चालवा. शरीर खोटं बोलत नाही.

दातेरी चक्र
पहाटवारा, दोन मिनिटांच्या इंटरव्हलला हृदयगती काय कामाची? जोर लावल्यावर ती वर यायला मिनिट-दीड मिनिट लागतं, तोवर इंटरव्हल संपत आलेला असतो. घरात हवा खेळती नसेल तर तेवढ्याच वॉटला ती हळूहळू चढत जाते, ते वेगळंच. लांब, एकसारख्या राइडला पट्टा उत्तम, पण धागाकर्त्यांचा प्रश्न तो नाही.

घाटवाट, तुमचा फरक उलट्या दिशेचा आहे, याकडे आधी लक्ष द्या. पेडलवर दिलेल्या ताकदीतली साधारण २ ते ४ टक्के साखळी, कॅसेट आणि डिरेल्युअरच्या चाकांमध्ये खर्च होते. क्रँक हा खर्च होण्याआधी मोजतो, ट्रेनर नंतर. म्हणजे क्रँक २०० म्हणत असेल तर ट्रेनरने १९४ च्या आसपास म्हणायला हवं. तुमचा २२५ म्हणतोय. तेव्हा तफावत २५ ची नाही, ३० च्या घरातली आहे. नटबोल्टनी विचारलेलं सगळं सांगा.

घाटवाट
टायर रोलरला टेकतो तो प्रकार. पॉवर मीटर डाव्या क्रँकमध्ये. ट्रेनरचा आकडा लॅपटॉपवर, क्रँकचा हँडलवरच्या कॉम्प्युटरवर. ट्रेनरचं स्पिनडाउन (चाक वेगात नेऊन आपोआप थांबू देत करायचं कॅलिब्रेशन) बसल्या बसल्या पहिल्यांदाच करून घेतो, म्हणजे नंतर मध्ये थांबावं लागत नाही. क्रँकचं झीरो ऑफसेट (जोर नसतानाचं शून्य ठरवणं) महिन्यापूर्वी केलं होतं. आता सांगा.

दातेरी चक्र
मोठा दोष स्पिनडाउनच्या वेळेत आहे. थंड टायर कडक असतो, रोलरवर जास्त अडतो. रोलरची बेअरिंगही थंड असताना जड फिरतात. त्या अवस्थेत स्पिनडाउन केलं की ट्रेनर "टायर आणि बेअरिंग इतकी ताकद खातात" असं जास्तीचं माप मनात धरतो. दहा मिनिटांत टायर गरम होतो, अडणं कमी होतं, पण ट्रेनर जुनंच माप तुमच्या वॉटमध्ये मिळवत राहतो. आकडा फुगतो तो असा.

क्रम असा ठेवा. टायरची हवा दर वेळी पंपाच्या काट्यावर बघून सारखीच भरा. समजा ७ बार, तर नेहमी ७ बार. रोलर टायरला टेकला की त्यानंतर घुंडीचे फेरे मोजा (दोन म्हणजे दोनच, किंवा तुमच्या ट्रेनरच्या पुस्तिकेत असतील तितके). मग १५ मिनिटं बऱ्यापैकी जोरात वॉर्मअप. आणि मग स्पिनडाउन: ॲप सांगेल त्या वेगापर्यंत न्या, पाय थांबवा, ब्रेकला हात लावू नका, चाक आपोआप थांबू द्या. हवा किंवा घुंडी बदलली की हे सगळं पुन्हा.

चढउतार
टायर बदला. ट्रेनरसाठी वेगळा कडक रबराचा टायर मिळतो, तो घसरत नाही आणि झिजून काळी भुकटी पडत नाही. खोबण्यांचा टायर तर रोलरवर चालवूच नका, आवाज आणि थरथर दोन्ही असह्य. मात्र तो ट्रेनरचा टायर रस्त्यावर घेऊन जाऊ नका, ओल्यावर पकड नसते.

नटबोल्ट
टायर घसरतोय असं त्यांनी म्हटलेलंच नाही.

घाटवाट, क्रँकची बाजू. झीरो ऑफसेट महिन्यातून एकदा नाही, प्रत्येक राइडआधी. आतली स्ट्रेन गेज (धातूवरचा ताण मोजणारी पट्टी) तापमानाला हळवी असते. सायकल दुसऱ्या खोलीतून आणली असेल तर १५-२० मिनिटं जागेवर उभी ठेवा, पेडलवर पाय नको, क्रँक पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत, मग झीरो. येणारा आकडा वहीत लिहून ठेवा. रोज थोडाफार हलला तर चालतो. एका दिवसात एकदम उडी मारली तर बॅटरी उतरलीय किंवा क्रँकचा बोल्ट सैल आहे.

दुसरं, क्रँकची लांबी. क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. प्रत्यक्ष १७२.५ मिमी आणि कॉम्प्युटरमध्ये १७० असेल तर वाचन साधारण दीड टक्का कमी येतं, २०० वॉटला ३ वॉट.

तिसरं, तुमचा मीटर फक्त डावा पाय मोजतो आणि दुप्पट करतो. डावा ४८ आणि उजवा ५२ असेल तर खऱ्या २०० ला तो १९२ दाखवणार. हे कुठल्याच कॅलिब्रेशनने जात नाही. त्यातही हे प्रमाण थकव्याने आणि जोराने बदलतं, त्यामुळे सरसकट चार टक्के वाढवून वाचायचं असंही करता येत नाही.

मुक्काम सॅडल
मध्येच विचारतो, पण मला डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून लावायचा ट्रेनर) घ्यायचाय. माझी कॅसेट १० स्पीड आहे, चालेल का?

चढउतार
चालते. ट्रेनरची फ्रीहब बॉडी (कॅसेट ज्यावर बसते तो भाग) ११ स्पीडची असेल तर कॅसेटच्या मागे १.८५ मिमीचा स्पेसर टाका. काही १० स्पीड रोड कॅसेटना त्यावर आणखी १ मिमीचा लागतो, तो कॅसेटबरोबरच येतो. शिमानोची १२ स्पीड रोड कॅसेट याच बॉडीवर बसते, पण स्रॅमच्या १२ स्पीड रोड कॅसेटचा छोटा दाता १० चा असेल तर एक्सडीआर नावाची वेगळी बॉडी लागते. घेण्याआधी ॲक्सल बघा: क्विक रिलीजला १३० किंवा १३५, थ्रू ॲक्सलला १४२ किंवा १४८ मिमी. अडॅप्टर बऱ्याचदा सोबत असतात, १४८ चा कधी कधी वेगळा मागवावा लागतो. फ्रेम कार्बनची असेल तर बनवणाऱ्याच्या वॉरंटीत ट्रेनरबद्दल काय लिहिलंय तेही वाचा.

घाटवाट
कॅसेटचं नंतर बघा हो, माझी टेस्ट उद्या आहे. क्रँक १७२.५ निघाला, कॉम्प्युटरमध्ये १७० होता. बदलला. आता तुलना नेमकी कशी करायची? आणि एर्गचं कुणीच बोललं नाही.

नटबोल्ट
तुलना क्षणाक्षणाचे आकडे बघून करायची नाही. दोन्ही स्क्रीनची सरासरीची पद्धत वेगळी असते, सिग्नलची उशीर वेगळी. दोन्हीकडे रेकॉर्डिंग लावा. वॉर्मअप आणि स्पिनडाउन झाल्यावर एर्ग बंद ठेवून, ठरावीक रेझिस्टन्सवर, कॅडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९० ठेवून ५-५ मिनिटांचे तीन टप्पे: १५०, २००, २५० च्या आसपास. प्रत्येकातलं पहिलं मिनिट सोडा, उरलेल्या चार मिनिटांची सरासरी लिहा. एर्ग बंद अशासाठी की काही ट्रेनर एर्गमध्ये स्वतःचा आकडा मुद्दाम सपाट करून दाखवतात.

मग फरक कसा वाढतो ते बघा. तिन्ही टप्प्यांत वॉटचा फरक सारखाच असेल तर झीरो चुकलंय. एकूण टॉर्कमध्ये (फिरवणाऱ्या जोरात) १ न्यूटन-मीटरची चूक ९० कॅडन्सला सुमारे ९.४ वॉट होते, मग जोर १५० चा असो की २५० चा. फरक जोराच्या प्रमाणात, म्हणजे टक्क्यांत सारखाच राहून, वाढत असेल तर क्रँकची लांबी, डावा-उजवा किंवा मापाचा उतार (जोर आणि आकडा यांचं गुणोत्तर).

तेही नको असेल तर वजन टांगून थेट तपासता येतं. डावा क्रँक पुढे, जमिनीला समांतर, मागचा ब्रेक घट्ट दाबलेला. आधी रिकाम्या पेडलवर झीरो. मग पेडलच्या दांड्यावर काट्यावर मोजलेलं २० किलो वजन टांगा. १७२.५ च्या क्रँकला ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवं. मीटरच्या ॲपमध्ये टॉर्क दिसत असेल तरच हे जमतं.

दातेरी चक्र
एर्गचं आता. कॅडन्स पडली की ठरलेले वॉट टिकवायला ट्रेनर अडसर वाढवतो, त्याने कॅडन्स आणखी पडते, तो आणखी वाढवतो. पाय जाम होण्याचं कारण हेच, ट्रेनर बिघडलेला नाही. इंटरव्हल सुरू व्हायच्या तीन-चार सेकंद आधीच कॅडन्स ५ ते १० ने वर न्या. अडकायला लागलात तर ढकलत बसू नका, एर्ग बंद करा, पाय सुटे करा, ९० ला आलात की परत चालू करा. आणि गिअर: पुढे छोटी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे मधला दाता. फ्लायव्हील (ट्रेनरचं जड चाक) हळू फिरतं, त्यामुळे ट्रेनर लवकर बदल करू शकतो.

चढउतार
छोट्या चेनरिंगशी असहमत. रोलरवाल्या ट्रेनरला चाकाचा वेग कमी असताना जास्त वॉट धरताच येत नाहीत. ३०० च्या वर मागितलं की एक तर टायर घसरतो, नाही तर ट्रेनरच्या ब्रेकची ताकद संपते. मोठी चेनरिंग लावा, फ्लायव्हीलच्या जोरावर पेडलही गुळगुळीत फिरतं.

दातेरी चक्र
३०० च्या वरचं बरोबर आहे. पण मोठ्या चेनरिंगवर विश्रांतीचे १०० वॉट मागितले तर त्या वेगाला तो तितका खाली येत नाही, १३०-१४० वरच अडतो. म्हणून धागाकर्त्यांनी त्यांच्या इंटरव्हलचे वॉट बघून ठरवावं. २५०-२७० पर्यंतचे लांब इंटरव्हल छोट्या चेनरिंगवर, तीस-चाळीस सेकंदांचे जोरकस फटके मोठीवर आणि एर्ग बंद करून.

पहाटवारा
पंखा आहे का समोर? वॉटचं काहीही करा, पंख्याविना २० मिनिटांची टेस्ट घराबाहेरच्यापेक्षा कमीच येणार. घाम हेडसेटमध्ये आणि स्टेमच्या बोल्टवर उतरतो, ते गंजतात. हँडलवर टॉवेल टाका.

दातेरी चक्र
पंख्याच्या बाबतीत पूर्ण सहमत. टेस्टच्या पहिल्या मिनिटापासून चालू हवा, घाम फुटल्यावर नाही.

घाटवाट
केलं सगळं. ७ बार, १५ मिनिटं वॉर्मअप, मग स्पिनडाउन, क्रँकचं झीरो.
पहिला टप्पा: ट्रेनर १५३, क्रँक १४८.
दुसरा: २०५ आणि १९९.
तिसरा: २५७ आणि २४८.
अजूनही जुळत नाहीत. आता?

नटबोल्ट
२५ वरून ६ वर आलात. आणि फरक तिन्हीकडे तीन-साडेतीन टक्के, म्हणजे झीरो ठीक आहे. उरलं ते डाव्या पायाचं प्रमाण आणि ट्रेनरची स्वतःची मर्यादा. रोलरवाल्या प्रकारात ३ ते ५ टक्के इकडेतिकडे हे नेहमीचंच. याहून जवळ आणायचं तर दोन्ही पेडलमध्ये मोजणारा मीटर लागेल, उद्याच्या टेस्टसाठी त्याची गरज नाही.

क्रँक धरा. टायर, हवा, घुंडी यांचा त्याच्यावर परिणाम होत नाही आणि बाहेर रस्त्यावरही तोच सोबत असणार. ॲपमध्ये पॉवरचा स्रोत म्हणून क्रँक निवडा, नियंत्रणासाठी ट्रेनर. ॲपमध्ये ट्रेनरला क्रँकच्या आकड्याप्रमाणे चालवायची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर एर्ग ट्रेनरच्याच वॉटवर चालेल आणि तुमचे सगळे इंटरव्हल तीन टक्के हलके होतील. क्रँकचा आकडा ॲपमधून फिरून ट्रेनरकडे जातो, त्यामुळे प्रतिसाद एक-दोन सेकंद उशिरा येईल.

ॲपला क्रँक सापडला नाही तर फोन किंवा घड्याळाने ब्लूटूथ अडवून ठेवलंय का ते बघा, बऱ्याच मीटरना ब्लूटूथवर एकच जोडणी चालते. कॉम्प्युटर एएनटी प्लसवर (सेन्सरची दुसरी बिनतारी जोडणी) ठेवा, लॅपटॉप ब्लूटूथवर.

घाटवाट
सापडला, फोनच अडवत होता. २० मिनिटांच्या टेस्टला एर्ग चालू ठेवू का?

दातेरी चक्र
नाही. २० मिनिटांची टेस्ट रेझिस्टन्सवर, गिअर बदलत, आणि सरासरीचे ९५ टक्के धरा. एर्ग फक्त रॅम्प टेस्टला (ठरावीक वेळाने वॉट वाढत जाणारी), तिथे शेवटच्या सर्वोत्तम मिनिटाचे ७५ टक्के. बॅटरी आज रात्रीच नवी टाका. टाकल्यावर क्रँकची लांबी पुन्हा १७० तर झाली नाही ना, ते उघडून बघा, आणि सकाळी परत झीरो करा.