मदत हवी आहे : मोडीतलं भेंडोळं कसं उलगडावं?

जाणकारांनो, गाव आमचं भंडारा जिल्ह्यातलं. आजोबांच्या संदुकीत मोडीतल्या कागदांचं लांबलचक भेंडोळं निघालं, तुकड्याला तुकडा खळीनं जोडलेला. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जुनी जमीनदारी, १९५० च्या कायद्यानं गेली, पण घरचे म्हातारे म्हणतात यात गावतलावाच्या पाण्याची वहिवाट लिहिली आहे. असेलही. हातभर उलगडलं की पुढं कागद कडकडतो, कडेला चिरा जातात. शेजारचे काका म्हणतात, लॅमिनेशन करून टाक! ते मुळीच करणार नाही. एकदा चिकटलेलं प्लॅस्टिक कागद फाडूनच निघतं. दमट हवेत ठेवून मऊ करतात म्हणे, पण शाई फुटली तर? कोणी केलं असल्यास नीट सांगा. नागपूरकडं मोडी वाचणारं कोणी आहे का? वाचण्याचे पैसे देऊ.