अनुभव धागा: काखेतीला (जॉर्जिया) जायचंय, वाइनच्या गावात. कोण कोण गेलंय?

सातूचं पीठ
काल भाचीचा दुबईहून फोन. सप्टेंबरअखेर सगळे जॉर्जियाला निघालेत, त्यातले दोन-तीन दिवस काखेतीत. "मावशी, तुम्ही शारजाला होता तेव्हा गेला होतात ना, जरा यादी पाठव." यादी कसली पाठवणार! फोन ठेवला आणि नाकात तो मरानीचा वास आला. मरानी म्हणजे घरातली वाइनची खोली. जमिनीत गळ्यापर्यंत रांजण पुरावेत तशा मातीच्या क्वेव्री, वर नुसती तोंडं दिसतात. आम्ही ऐन र्‌त्वेलीत, म्हणजे द्राक्षतोडणीच्या दिवसांत, एका म्हातारीच्या घरी उतरलो होतो. तिने झाकण काढलं तर आत रस रटरटत होता, सालींचा जाड थर वर आलेला. तो थर लाकडी दांड्याने सारखा खाली ढकलावा लागतो, नाहीतर वरचं सगळं आंबट होऊन जातं. आमचे हे एकादशीवाले. दारूच्या दुकानासमोरून जातानाही पलीकडच्या फुटपाथवर जाणारे. त्यांनी तो दांडा हातात घेतला आणि जेवायला हाका मारल्या तरी सोडला नाही. प्यायले नाहीत हं, फक्त ढवळलं.

तर भाचीबरोबर सासूबाई आहेत (कांदा-लसूण चालतो, अंडं नाही), पाच वर्षांचा एक उपद्व्यापी आणि दोघेजण ज्यांना वाइनमध्ये खरंच रस आहे. एजंट म्हणतोय राजधानी तिबिलिसीहून सकाळी जा, रात्री परत या. माझं मत, राहायलाच हवं. अलाझानी नदीच्या खोऱ्यापलीकडे कॉकेशसची रांग सकाळी लख्ख दिसते, उन्हं चढली की धुरकटते. ती बसच्या खिडकीतून काय बघणार?

ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा. काखेतीच हवं असं नाही, डोंगराकाठची द्राक्षं कुठलीही चालतील.

आळशी मुंगी
एका दिवसात नको नको नको. आम्हाला एकाने (नाव नको) एका दिवसात पाच ठिकाणी फिरवलं. तिसऱ्यानंतर लाल काय नि पांढरी काय. चौथ्या ठिकाणी नवरा पोस्टाच्या पेटीला "बरं का साहेब" म्हणत होता.

गळ्यात_स्टेथो
इथे तिबिलिसीतच मेडिकलला आहे, त्यामुळे घाईत. काखेतीतल्या सिग्नागी गावाला सामगोरी मेट्रोच्या बाहेरून मार्शुत्का (मिनीबस) मिळते, दोनेक तास. काखेतीतलंच दुसरं गाव तेलावी, तिकडे गोंबोरी घाटातून (1620 मीटर) शेअर टॅक्सी जातात, रस्ता वळणावळणाचा, त्या उपद्व्यापीला आधी गोळी द्या. पण एवढी माणसं असतील तर ड्रायव्हरसकट गाडीच घ्या. इथे पिऊन गाडी चालवली तर पोलीस अजिबात ऐकत नाहीत, आणि काखेतीत "थोडीशीच" असं काही नसतं.
आणि हो, विमा! 2026पासून बाहेरून येणाऱ्यांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा झालाय. तुमच्या वेळेला नव्हता.

सातूचं पीठ
@स्टेथो बघ, हे मला कुठे माहीत असणार! कळवते लगेच. आणि तू जेवतोस ना रे नीट?

गळ्यात_स्टेथो
लोबियोवर जगतोय मावशी. राजमाच तो, मातीच्या मडक्यात. आई विचारते तेव्हाही हेच सांगतो.

वायकर निफाडचे
आमच्या गटातले द्राक्ष बागायतदार मिळून गेलो होतो, मार्चमध्ये. आपला हंगाम उरकत आला होता, तिकडे अजून वेलीला डोळा फुटायचा होता. तिथे थंडीत वेल पूर्ण झोपते, त्यामुळे वर्षाला एकच छाटणी. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी, म्हणजे फळाची छाटणी. हे त्यांच्या माणसाला दुभाष्यामार्फत सांगितलं तर तो म्हणाला, म्हणजे तुम्ही तिला झोपूच देत नाही! मग माझ्या हातातली कात्री घेऊन बघत बसला.
वेलींचा मंडप दिसला नाही कुठे, सगळं तारेवर. पाणी नदीचं आणि पावसाचं, टँकर नाही. भुरी, डावणी हे बुरशीचे रोग मात्र तिथेही आहेत, फवारणी चुकत नाही. गारपिटीची भीती आपल्यापेक्षा जास्त. ढगात रॉकेट सोडून गारा पाडू न देण्याची सरकारी यंत्रणा आहे त्यांच्याकडे, खोऱ्यात सगळीकडे बसवलेली. आमच्यातल्या एकाचा आदल्या वर्षी गारांनी निम्मा प्लॉट गेला होता, तो त्या रॉकेटच्या स्टँडपासून हलेना.
जात दोनच लक्षात ठेवा. पांढरी र्‌कात्सितेली, लाल साफेरावी. साफेरावीचा मणी फोडून बघा, आतला गरसुद्धा लाल. आपल्या खायच्या द्राक्षात असं नसतं. हातही रंगतात, दोन दिवस जात नाही.
पांढऱ्याची वाइन ते सालीसकट, बियांसकट क्वेव्रीत ठेवतात, सुमारे सहा महिने, वसंतात उघडतात. म्हणून ती पांढरी न राहता चहाच्या रंगाची होते आणि जिभेला तुरट लागते. पहिल्या घोटाला आमच्या मंडळींनी तोंडं वाकडी केली. दुसऱ्या दिवशी जेवणाबरोबर घेतली तेव्हा कळली. म्हणून म्हणतो, भाचीला सांगा नुसती चाखायला जाऊ नका, जेवायला बसा.
भाव काय मिळतो हे विचारलंच. तेही रडतात. रशियाने 2006ला आयात बंद केली ती 2013पर्यंत, तेव्हा फार हाल झाले म्हणे. त्याच्याआधी गोर्बाचेव्हच्या दारूबंदीत मळे उपटले होते. एकूण बागायतदाराचं नशीब कुठेही सारखंच.

खडूस काकू
धागा वाइनचा आणि चर्चा भुरी-डावणीची. चालू द्या.
(@वायकर, बेदाण्याला यंदा काय भाव आहे? खरंच विचारतेय.)

वायकर निफाडचे
ताई, तासगाववाल्यांना विचारा, आम्ही बेदाण्यात नाही.

तिसवाडीचा
काखेती वाचलं आणि राहवलं नाही. आम्ही जुन्या गोव्याच्या जवळचे. होली हिलवर सेंट ऑगस्टीन चर्चचा पडका मनोरा लहानपणापासून बघतो. तिथे काखेतीची राणी होती, हे किती जणांना ठाऊक आहे?
राणी केतेवान. काखेतीचा राजा तेइमुराझ याची आई. इराणच्या शाह अब्बासने तिला ओलीस ठेवलं, धर्म सोडायला ती तयार होईना म्हणून 1624मध्ये शिराझला हाल करून मारलं. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष गोव्याला आणले. मग चर्च पडलं आणि शोध लागेना. पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला आणि ती तिचीच असण्याची दाट शक्यता निघाली. 2021च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर स्वतः तिबिलिसीला जाऊन त्यातला एक भाग देऊन आले.
मी गेलो ते तिच्यासाठीच, वाइन निमित्त. तेलावीजवळ अलावेर्दीचं मोठं चर्च आहे, अकराव्या शतकातलं. मठातले साधू आजही वाइन करतात. तिथे एका बाईला मोबाइलवर मनोऱ्याचा फोटो दाखवला आणि "गोवा, केतेवान" एवढंच म्हटलं. तिने माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. काय बोलावं ते कळेना. मग पिशवीतून चुर्चखेला काढून दिली. अक्रोड दोऱ्यात ओवून घट्ट शिजवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवतात, ती.
भाचीला सांगा, अलावेर्दीत बायकांनी डोकं झाकायचं आणि स्कर्ट घालायचा. दाराशी कापडं ठेवलेली असतात, पण सासूबाई साडीत असतील तर प्रश्नच नाही.

सातूचं पीठ
@तिसवाडीचा अंगावर काटा आला हो. आम्ही त्या अलावेर्दीच्या आवारात बसून घारगे खाल्ले, आणि हे काहीच माहीत नव्हतं.

आळशी मुंगी
घारगे? जॉर्जियात?

सातूचं पीठ
शारजाहून केलेले. लाल भोपळा तिथे छान मिळायचा.

मापात_पाप
एक दुरुस्ती, कारण सगळे एजंट काखेतीत हेच सांगतात: 8000 वर्षांपूर्वीच्या वाइनचा पुरावा काखेतीतला नाही. तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरिस गोरा इथल्या मडक्यांच्या खापरांत तो सापडला, 2017ला प्रसिद्ध झालं. युनेस्कोने 2013मध्ये मान दिला तो क्वेव्रीच्या पद्धतीला. दोन्ही गोष्टी मिसळू नका.
राहायचं असेल तर माझं मत तेलावी. सिग्नागी फोटोसाठी सुंदर आहे, तटावरून चालायला मजा, पण तेलावीहून अलावेर्दी, त्सिनांदाली, ग्रेमी, क्वारेली सगळं जवळ पडतं. क्वारेलीला डोंगरात खणलेला वाइनचा बोगदा आहे, सगळा मिळून साडेसात किलोमीटरच्या वर, आत बारमाही 12 ते 14 अंश. सासूबाईंची शाल घ्या.

पावसाळी बूट
सिग्नागीला असं दोन ओळीत निकालात काढू नका हो. संध्याकाळी गाड्या भरून आलेले लोक गेले की गाव आपलं असतं. जॉर्जियाचा चित्रकार पिरोस्मानी, त्याची चित्रं तिथल्या संग्रहालयात आहेत, जवळच बोद्बेच्या मठात जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत नीनोची समाधी. तिचा क्रूस द्राक्षाच्या काड्यांचा, स्वतःच्या केसांनी बांधलेला, अशी कथा आहे. आणि चोवीस तास उघडं असलेलं विवाह नोंदणी कार्यालय! आमच्या ग्रुपमधले दोघे रात्री जेवणानंतर तिकडे निघाले होते, अडवलं. आता त्यांची लग्नं झालीत, वेगवेगळ्या ठिकाणी.

खडूस काकू
अडवायला नको होतं.

कोरडी भाकरी
सासूबाईंच्या जेवणाचं कोणीच नीट सांगितलं नाही म्हणून कणीक मळता मळता लिहितेय. हॉटेलात "सामार्ख्वो" म्हणा. म्हणजे उपासाचं, चर्चच्या उपासाला ते मांस, दूध, अंडं काही खात नाहीत. बुधवार-शुक्रवार पाळणारे बरेच असतात त्यामुळे कळतं त्यांना. बद्रीजानी (वांग्याच्या कापात अक्रोडाचं वाटण), फ्खाली (पालक किंवा बीटचं तसंच), लोबियो, सोबत म्चादी म्हणजे मक्याची भाकरी. तंदुरासारख्या भट्टीतली लांब पोळी. हे सगळं सासूबाई आवडीने खातील. हाचापुरीत (चीज भरलेली पोळी) चीज भरपूर, पण अंड्याची होडीवाली येते ती नको, साधी इमेरुली मागवा, आणि पिठात अंडं आहे का ते विचारून घ्या. हिन्काली (मोमोसारखी) बटाट्याची आणि मशरूमची मिळते, मात्र मांसाच्याच भांड्यात उकडतात.
अक्रोडाची ॲलर्जी कोणाला असेल तर मात्र अवघड आहे, डाळीतसुद्धा घालतील ते.

ढाकोबा
काखेतीचंच वरचं टोक म्हणजे तुशेती. तेलावीजवळून अबानो खिंडीचा रस्ता जातो, कच्चा, कठड्याशिवाय, बर्फामुळे साधारण जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा. आम्ही नाणेघाट-हरिश्चंद्रगडवाले, तरी ड्रायव्हरने एका वळणावर हात सोडून क्रॉस केला तेव्हा रामरक्षा सुरू झाली. वर जाताना डुकराचं मांस नेऊ नका, तिथे ते निषिद्ध मानतात. सासूबाई आणि पाच वर्षांचं पोर घेऊन हे करायचं नाही, पण त्या दोन वाइनवाल्यांना खाली ठेवून बाकीच्यांनी... नाही, नकोच.

लेमनकाठची
डोंगरातली द्राक्षं कुठलीही चालतील म्हणालात म्हणून. आम्ही स्वित्झर्लंडमध्ये लोझानला, लाव्होचे मळे हाकेच्या अंतरावर. तळ्याकडे उतरणारी दगडी बांधांची द्राक्षं, 2007पासून युनेस्कोच्या यादीत. तीन सूर्य म्हणतात इथले लोक: आकाशातला, पाण्यावरून परावर्तित होणारा आणि दिवसभर तापलेल्या बांधाचा. फार बरं वाटतं चालायला, गावागावाला रेल्वे. पण स्विस वाइन देशाबाहेर फारशी जातच नाही आणि इथल्या किमतीत भाची काखेतीत आठवडाभर राहील. आता डबे भरायचेत, नंतर लिहिते.
(नंतर लिहिणार नाही, मला माहितेय.)

सातूचं पीठ
सगळ्यांचं भाचीला पाठवलं. तिचं उत्तर: "मावशी, तेलावीत दोन रात्री पक्क्या, रोज एकच वाइनरी, तीही जेवणासकट. आई साडीच नेसणार म्हणतायत. बाटल्या किती आणता येतील?"

मापात_पाप
भारतात उतरणार असेल तर माणशी 2 लिटर ड्यूटी-फ्री, त्यावर ड्यूटी. रस्त्याकडेला प्लॅस्टिकच्या बाटल्यांत घरगुती विकतात ती तिथेच संपवा.

आळशी मुंगी
आणि चाचा? कोणी चाचाबद्दल लिहिलंच नाही! द्राक्षाच्या चोथ्याची दारू काढतात ती, पहिल्या धारेची. न्याहारीला देतात लोक. न्याहारीला!

गळ्यात_स्टेथो
डॉक्टर म्हणून काही बोलत नाही.

खडूस काकू
@कोरडी भाकरी, त्या वांग्याच्या वाटणाला अक्रोड भिजवायचे की कोरडे? आज वांगी आणलीयत.

कोरडी भाकरी
कोरडेच. मिक्सरला लसूण, धने, चिमूटभर मेथी, व्हिनेगर आणि वाटण फिरण्यापुरतं पाणी. वांगी लांब कापा, मीठ लावून पिळा, तेलावर परतून गार करा, मग गुंडाळा. वरून डाळिंबाचे दाणे.

खडूस काकू
डाळिंब नाहीये. बघते शेजारी आहे का.